पेटीत विषाणू मरतो, पण वर्गातली मुलं आजारी पडायची थांबतात का?

नाशिकच्या एका तरुण इंजिनिअरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी दोन मित्रांबरोबर शाळेच्या वर्गात भिंतीवर लावायचं एक उपकरण बनवलंय. आत बंद पोकळीत यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा आहे आणि मागे पंखा. पंखा तासाला साधारण ६० घनमीटर हवा ओढतो, ती दिव्यासमोरून जाते आणि बाहेर पडते. एका प्रयोगशाळेत एक घनमीटरच्या पेटीत चाचणी झाली, तिथे दहा मिनिटांत ९९.९ टक्के विषाणू निष्क्रिय झाले. आता ओळखीच्या शाळेत पाचवीच्या दोन तुकड्या घ्यायच्या, 'अ' मध्ये यंत्र लावायचं, 'ब' मध्ये नाही, आणि तीन महिने सर्दी, खोकला, फ्लू मोजायचा असा त्यांचा बेत आहे. "साठ मुलं पुरेशी आहेत का? आणि परवानग्या कोणत्या लागतात?"

मी कम्युनिटी मेडिसिनची डॉक्टर आहे. गेली अठरा वर्षं पुणे आणि आसपास श्वसनाच्या संसर्गांवरच्या अभ्यासांत काम करते आहे. त्यातली बरीचशी वर्षं गावोगावी स्वॅब घेत आणि रजिस्टरं तपासत गेली. म्हणून सरळ सांगते, साठ मुलं पुरेशी नाहीत. पण साठच्या जागी सहाशे लिहूनही काम भागणार नाही, कारण अडचण आकड्याच्या आधीच सुरू होते. पेटीत विषाणू मेला ही एक गोष्ट आणि मूल आजारी पडलं नाही ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये बराच रस्ता आहे आणि तुमचा बेत तो एका उडीत पार करू पाहतो. किती मुलं, किती महिने, कोणती शाळा हे सगळं वर्गाच्या खिडक्यांवर, ऋतूवर, मुलं शाळेत कशी येतात यावर आणि मुख्य म्हणजे तुम्हाला नेमका कोणता दावा करायचा आहे यावर ठरतं.

आधी पेटीचंच घेऊ. तुमचा निकाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. एक घनमीटरच्या पेटीत तासाला ६० घनमीटर हवा ओढणारा पंखा म्हणजे पेटीतली सगळी हवा दर मिनिटाला दिव्यासमोरून जाणार, त्यामुळे दहा मिनिटांचा आकडा मला पटतो. आता हेच यंत्र वर्गात लावा. वर्ग ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरला तर १२६ घनमीटर हवा झाली. विषाणूंची आपोआप होणारी घट बाजूला ठेवली, तर पेटीत दहा मिनिटांत झालेलं काम इथे व्हायला १,२६० मिनिटं लागतील. म्हणजे २१ तास. शाळा भरते पाच-सहा तास, आणि पेटीत विषाणू एकदाच सोडलेला होता तर वर्गात तिसऱ्या बाकावरचं शिंकणारं मूल तो दिवसभर सोडत असतं.

दुसऱ्या बाजूनेही बघा. तुमचं यंत्र वर्गातली हवा तासाला जेमतेम अर्धा वेळा स्वच्छ करतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये इमारतींसाठी जे लक्ष्य सुचवलं ते तासाला किमान पाच वेळा हवा बदलण्याचं आहे. समोरासमोर खिडक्या असलेल्या आपल्या जुन्या शाळांत वारा खेळता असेल तर तेवढं फुकट मिळतं. तेव्हा खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात तुमच्या यंत्राला करण्यासारखं काही उरणारच नाही, आणि खिडक्या बंद असलेल्या वर्गात ते अपुरं पडेल. यावर उपाय आहे. मोठा पंखा, जास्त ताकदीचा दिवा किंवा एका वर्गात दोन-तीन यंत्रं. पण हा बदल लोकांवरच्या चाचणीआधी करायचा असतो. चाचणी सुरू झाली की यंत्र गोठवावं लागतं. मधेच पंखा बदलला तर आधीची माहिती एका यंत्राची आणि नंतरची दुसऱ्याची होऊन बसते.

आता यूव्हीच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ती सांगते. १९३७ मध्ये विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातल्या एका शाळेत वर्गांच्या वरच्या भागात यूव्ही दिवे बसवले. १९४१ मध्ये गोवराची मोठी साथ आली आणि दिवे असलेल्या वर्गांत गोवर स्पष्टपणे कमी पसरला. तेव्हा गोवरावर लस नव्हती, त्यामुळे हा निकाल किती मोठा वाटला असेल याची कल्पना करा. मग त्याच दशकात न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या शाळांत असाच प्रयोग झाला, पुढे इंग्लंडमध्ये साउथॉललाही झाला. तिथे तसा फायदा दिसला नाही. दिवे बिघडले नव्हते. न्यूयॉर्कच्या त्या शाळांतली मुलं एकाच बसमध्ये दाटीवाटीने बसून यायची. वर्गातली हवा स्वच्छ होती, पण संसर्ग बहुधा बसमध्येच होऊन जात होता.

तुमच्या पाचवीच्या मुलांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी व्हॅनमध्ये दहा-बारा मुलं, काचा बंद. मधल्या सुट्टीत एकाच डब्यात चार हात. संध्याकाळी शिकवणीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा मुलं, रात्री घरी सर्दी झालेलं धाकटं भावंड. यातला वर्गाचा वाटा किती, हे शाळेशाळेला वेगळं असतं. म्हणून शाळा निवडताना ओळखीची आहे म्हणून निवडू नका. मुलं पायी येतात का, वर्गाबाहेर किती मिसळतात, हे आधी एक आठवडा जाऊन बघा. निवासी शाळा घेतली तर चित्र पुन्हा बदलतं, कारण तिथे मुलं वर्गापेक्षा जास्त वेळ झोपायच्या हॉलमध्ये काढतात आणि यंत्राची खरी गरज तिथेच असू शकते.

निवासी शाळेवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा छोटा अभ्यास चालू होता, मी देखरेखीला अचानक गेले. रजिस्टरमध्ये रोजची सही होती, 'यंत्र चालू'. खोलीत गेले तर चालू असलेला प्लग एकच, त्यात फोन चार्जिंगला लावलेला. यंत्राची वायर व्यवस्थित गुंडाळून तिला रबर लावलेलं. आणि धूळ बसू नये म्हणून यंत्रावर क्रोशाचा रुमाल घातलेला, तोही नेमका हवा आत जायच्या जाळीवर. वसतिगृहाच्या बाईंनी ते मनापासून जपलं होतं. पाहुण्यांची महागाची वस्तू खराब होऊ नये एवढीच त्यांची इच्छा. चूक आमची होती. आम्ही प्लग मोजले नव्हते आणि चालू-बंदची नोंद यंत्राऐवजी माणसावर सोपवली होती. तुमच्या यंत्रात तास मोजणारा लॉगर आत्ताच बसवा. तो नसेल तर चाचणीत फरक दिसला नाही तेव्हा यंत्र निकामी होतं की बंद होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ऋतूचाही विचार करा. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, आणि हिवाळ्याच्या शेवटी दुसरी छोटी. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी पुण्यात घेतला तोही ऑगस्टमध्येच, ३ तारखेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्या महिन्यात तपासणीसाठी लागलेल्या रांगा आणि मास्कसाठी मेडिकल दुकानांपुढे उभे असलेले आईबाप मी विसरलेले नाही. तुमच्यासारखी माणसं या प्रश्नावर यंत्र बनवतात याचं मला मनापासून मोल वाटतं ते म्हणूनच. तर चाचणी जूनच्या मध्यावर, शाळा सुरू होताच चालू व्हायला हवी. पावसाचे झोत येतात म्हणून तेव्हा खिडक्याही बंद असतात, यंत्राची खरी परीक्षा तेव्हाच. पण वीजही तेव्हाच जाते. विषाणू सर्वांत जास्त असतो त्या दिवसांत यंत्र किती तास बंद राहतं, हे लॉगर सांगेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, साठ मुलं. समजा यंत्र नसताना तीन महिन्यांत शंभरातल्या दहा मुलांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू होतो आणि यंत्र तो तीस टक्क्यांनी कमी करतं, म्हणजे दहाचे सात. तीस टक्के ही कुठल्याही अशा उपकरणासाठी चांगली कामगिरी आहे. तुमच्या तीस मुलांच्या तुकडीत याचा अर्थ 'ब' मध्ये तीन मुलं आजारी आणि 'अ' मध्ये दोन. एक मूल मामाच्या गावाला गेलं तरी निकाल उलटेल. हा फरक ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा तर दोन्ही बाजूंना साधारण १,३५० मुलं लागतात, तीही प्रत्येक मूल स्वतंत्रपणे आजारी पडतं असं धरून. प्रत्यक्षात सोमवारी एक मूल ताप घेऊन आलं की शुक्रवारपर्यंत त्याचं बाक आजारी पडतं. वर्ग हाच एकक होतो. एकाच वर्गातली मुलं बरोबरच आजारी पडण्याचा कल मोजणारा अंतर्गत संबंध ०.०३ धरला तर आकडा जवळपास दुप्पट होतो. एका बाजूला सुमारे २,५०० मुलं, म्हणजे ८५ वर्ग, दोन्ही बाजू मिळून १७०. तुमच्या बेतात हाच आकडा दोन आहे. दोन वर्गांत जो काही फरक दिसेल तो यंत्राचा, की बाईंचा, की कोपऱ्यातल्या ओल्या भिंतीचा, हे कुठलंही गणित वेगळं करून देऊ शकत नाही.

हे वाचून धीर सुटेल, पण मोठमोठ्यांनाही इथे ठेच लागली आहे. डेन्मार्कमध्ये २०२० मध्ये मास्कवर सुमारे सहा हजार लोकांची चाचणी झाली. मास्कच्या गटात १.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. संसर्ग मुळातच इतके थोडे होते की मास्कचा बराच फायदा होतो, काहीच होत नाही किंवा थोडा तोटाही होतो, या तिन्ही शक्यता उघड्या राहिल्या. नंतर बांगलादेशात ६०० गावं घेऊन चाचणी झाली. तिथे गाव हा एकक धरला होता, म्हणून तिथे बोलण्यासारखं काही हाती लागलं.

वर्गांची ही संख्या कमी करायचा एक मार्ग आहे. त्याच वर्गात सहा आठवडे चालू यंत्र आणि पुढचे सहा आठवडे डमी, म्हणजे दिवा नसलेलं तसंच खोकं, कोणत्या वर्गात आधी काय ते चिठ्ठीने ठरवायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या निवासांमध्ये यूव्ही यंत्रांची चाचणी अशीच आलटून पालटून केली गेली. तिथेही आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, हे लक्षात असू द्या. शिवाय आपल्या पावसाळ्यात पहिले सहा आठवडे लाटेचे आणि नंतरचे ओसरण्याचे असू शकतात, म्हणून निम्मे वर्ग उलट क्रमाने हवेतच.

डमीच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब चांगलं आहे. तुमचा दिवा बंद पोकळीत आहे, बाहेरून दिसत नाही. तसंच खोकं, तोच पंखा, तोच आवाज, आत फक्त दिवा नाही, असं डमी तुम्ही सहज बनवू शकता. मास्कची चाचणी करणाऱ्यांना ही सोय कधीच नव्हती. डमी लावाच. का, ते नॉर्वेच्या एका चाचणीवरून सांगते. २०२२ मध्ये तिथे ३,७१७ लोकांवर पाहिलं गेलं की दोन आठवडे बाहेर वावरताना चष्मा किंवा गॉगल घातला तर संसर्ग कमी होतो का. सरकारी नोंदीतल्या कोविडच्या पॉझिटिव्ह चाचण्या चष्मेवाल्यांत ३.७ टक्के आणि बाकीच्यांत ३.५ टक्के, म्हणजे फरक नाही. पण लोकांनी स्वतः सांगितलेला श्वसनाचा आजार चष्मेवाल्यांत ३०.८ टक्के आणि बाकीच्यांत ३४.१ टक्के. आपण काहीतरी करतो आहोत हे माहीत असलं की घशातली खवखव माणूस सोडून देतो, आणि माहीत नसलं की तीच खवखव फॉर्मवर उतरते. तुमच्या शाळेत भिंतीवर निळं खोकं लागलंय हे पालकांना दिसणारच आहे.

म्हणून मोजायचं काय, हे आधीच लिहून ठेवा. माझा सल्ला असा की मुख्य निकष एकच असावा. ज्या मुलाला लक्षणं दिसतील त्याचा स्वॅब आणि त्यावर फ्लू व कोविडची आरटीपीसीआर. तपासणाऱ्याला कोणत्या वर्गात काय लावलंय हे माहीत नसावं. लक्षणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या घ्या: ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. शाळेचं हजेरीपत्रक फुकट मिळतं म्हणून मोह होतो. ते दुय्यम निकष म्हणून जरूर ठेवा, पण हजेरीवर कांदा काढणी, जत्रा आणि चुलतभावाचं लग्न हे सगळं उमटलेलं असतं. निकष बदलला की उत्तरही बदलतं. ब्रिटनमध्ये तेरा हजारांहून जास्त लोकांवर नाकात मारायच्या फवाऱ्यांची चाचणी झाली. तिथे साध्या सलाइनच्या फवाऱ्यानेही सहा महिन्यांतले आजारपणाचे दिवस सरासरी ८.२ वरून ६.४ वर आले. 'आजारी किती जण पडले' एवढंच त्यांनी मुख्य निकष म्हणून विचारलं असतं तर या फायद्याकडे कुणाचं लक्षच गेलं नसतं.

परवानग्यांचं मोजकं सांगते, कारण ते तुमच्या दाव्यावरच अवलंबून आहे. खोक्यावर 'हवा शुद्ध करते' लिहिलं तर ती एक वस्तू. 'मुलांचा फ्लू टाळते' लिहिलं की तेच खोकं वैद्यकीय उपकरण ठरतं, कारण फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेतल्या व्याख्येत रोग टाळणं हा हेतूही येतो. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आहेत. मग वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात: चाचणीसाठी यंत्रं बनवायचा परवाना, सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची माणसांवरच्या चाचणीची परवानगी, नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मान्यता, आणि पहिलं मूल सामील व्हायच्या आधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. मुलं असल्यामुळे पालकांची लेखी संमती हवी आणि मुलांना त्यांच्या भाषेत समजावून त्यांची स्वतःची तयारीही विचारावी लागते. मुख्याध्यापकांची सही यातल्या कशाचीच जागा घेत नाही. चाचणीत मुलाला इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी तुमची, त्यासाठी विमा काढावा लागेल.

सुरक्षिततेचं ओझरतं सांगून चालणार नाही. खोक्याच्या फटीतून यूव्ही-सी बाहेर येतो का, हे मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर आणि बाकावर उभं राहिलेल्या मुलाच्या उंचीवर मोजून घ्या, कारण मुलं बाकावर उभी राहतातच. यूव्ही-सीने डोळे आणि त्वचा भाजते. झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद झाला पाहिजे. दिव्यातून ओझोन निघतो का हेही बंद खोलीत मोजा. अमेरिकेच्या एफडीएची अशा उपकरणांसाठीची मर्यादा दशलक्षात ०.०५ भाग इतकी आहे. तुमच्या वर्गात दम्याची दोन-तीन मुलं असणारच, आणि ओझोनचा त्रास आधी त्यांना होतो. २०२० मध्ये लोकांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे बाजार समित्यांच्या दारात आणि सोसायट्यांच्या फाटकात उभे राहिले, तेही चांगल्या हेतूनेच. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की माणसांवर असं काही फवारू नका, यात इजा आहे. घाई झाली की सुरक्षितता आधी सुटते, हे आपण सगळ्यांनी तेव्हा पाहिलं.

तर तुमच्या जागी मी असते तर हे वर्ष असं काढलं असतं. आधी पंखा आणि दिवा वर्गाच्या मापाचा केला असता. मग रिकाम्या वर्गात, खिडक्या बंद आणि खिडक्या उघड्या अशा दोन्ही स्थितींत, माणसाला निरुपद्रवी असलेला एमएस-२ हा बॅक्टेरिओफेज, म्हणजे फक्त जिवाणूंना लागण करणारा विषाणू, फवारून यंत्र चालू आणि बंद असताना तो किती वेगाने कमी होतो हे मोजलं असतं. हे काम एखाद्या विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाबरोबर होऊ शकतं. मग येत्या जूनपासून आठ-दहा वर्गांत पायलट, म्हणजे छोटी पूर्वचाचणी केली असती. आजार कमी झाला का हे त्यात विचारायचंच नाही. यंत्र किती तास चालतं, शिक्षकांना आवाज सहन होतो का, पालक संमती देतात का, मुलं स्वॅब घेऊ देतात का, एका पावसाळ्यात किती आजार पकडले जातात, एवढंच. मोठ्या चाचणीचा आकडा या पायलटच्या उत्तरांतून काढायचा, माझ्या वरच्या अंदाजातून नव्हे. पायलटलाही एथिक्स कमिटी आणि परवानगी लागते, त्यात सूट नाही. पैशासाठी बिराक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेच्या बिग योजनेकडे बघा, सुरुवातीच्या टप्प्याला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला आणि एका संख्याशास्त्रज्ञाला आराखडा लिहितानाच बरोबर घ्या. माहिती गोळा झाल्यावर आलेल्या संख्याशास्त्रज्ञाला फारसं काही करता येत नाही.

एक गोष्ट मला आत्ताच हवी आहे. तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात यंत्र चालू असतानाचा आलेख तुम्ही वर्णन केलात, बंद असतानाचा केला नाही. हवेत सोडलेला विषाणू यंत्र नसतानाही खाली बसतो, सुकतो, मरतो. पेटीत त्याच दहा मिनिटांत, यंत्र बंद ठेवून, तो किती टक्के कमी झाला होता? अहवालात ते पान असेल तर त्यातले आकडे इथेच लिहा, मी बघून सांगते. नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून ती चाचणी पुन्हा लावायला सांगा, आणि शाळेशी बोलणं तोपर्यंत थांबवा.